जमीन गार नसते: वाइन, बर्फ आणि नाशिकचं एक तळघर

ज्यांना इअरफोन घालून चाळीस मिनिटं ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जवळपास तसंच आहे. विषय वाइनचा आहे, पण पिण्याचा नाही, ठेवण्याचा. त्यामुळे ज्यांचं कायद्याचं वय झालेलं नाही त्यांनीही बिनधास्त वाचा. यात इतिहास आहे, थोडं फिजिक्स आहे आणि माझी एक घोडचूक आहे.

घोडचुकीपासूनच सुरू करतो. माझा आतेभाऊ नाशिकला असतो. घरची द्राक्षबाग दिंडोरीकडे, दादा स्वतः नोकरीत, आणि परदेशातून येताना दर वेळी दोन बाटल्या घेऊन यायची सवय. अशा करत करत तीनेकशे बाटल्या झाल्या. त्यातली एक पेटी मुलीच्या जन्मसालची. ती मोठी झाली की तिच्या लग्नात फोडायची, असं वहिनीलाही पटवून ठेवलेलं. बंगला बांधताना त्याने मला फोन केला, "तू इंजिनीअर आहेस, सांग, वाइनसाठी खोली करायचीय. वर करू की खाली?" मी कॉम्प्युटरवाला, बांधकामातला मला काय कळतं? पण विचारल्यावर नाही म्हणायची आपल्याला सवय नाही. मी लगेच ठोकून दिलं, "तळघर कर दादा. जमिनीखाली गारच असतं. युरोपात सगळे असंच करतात, वीजबिलही नाही."

तळघर झालं. दगडी भिंत, सागवानी रॅक, काचेचं दार, मंद दिवे. पहिल्या एप्रिलमध्ये दादाने थर्मामीटरचा फोटो पाठवला. २५ अंश. पाहिजे होते १२-१३. पुढे पावसाळ्यात भिंतीच्या आतून कुबट वास यायला लागला आणि लेबलांवर पांढरी बुरशी धरली. तेव्हा मी खरोखर वाचायला बसलो. जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं, आमच्या धंद्यात याला प्रॉडक्शनमध्ये टेस्टिंग म्हणतात.

आता पॅरिसला जाऊ. तिथल्या वेधशाळेच्या खाली जवळजवळ २८ मीटर खोल भुयारं आहेत. १७८३ मध्ये लॅव्हॉझिए या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाने बनवलेला एक थर्मामीटर तिथे बसवला गेला. वर पॅरिसमध्ये बर्फ पडो की ऊन तापो, खाली पारा वर्षभर जवळपास एकाच रेषेवर, १२ अंशांच्या जरा खाली. हा आकडा येतो कुठून? जमीन ही उष्णतेची फार सुस्त वाहक. वरचा दिवस-रात्रीचा फरक दोन-तीन फुटांत विरतो. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक दहा-पंधरा मीटरवर विरतो. त्याच्याखाली उरते ती फक्त वर्षाची सरासरी. पॅरिसची वर्षाची सरासरी तेवढीच आहे, म्हणून भुयार तेवढंच आहे. मला हे वाचताना मूव्हिंग ॲव्हरेज आठवला. जमीन म्हणजे एक भलामोठा लो-पास फिल्टर.

आणि वाइनसाठी "आदर्श" म्हणून जगभर सांगितला जाणारा आकडा कोणता? १२-१३ अंश. म्हणजे ज्याला आपण वाइनचा नियम समजतो तो मुळात उत्तर फ्रान्सच्या मातीचा आकडा आहे! तिथल्या लोकांनी खड्डा खणला, बाटल्या ठेवल्या, वाइन चांगली मुरली, आणि खड्ड्याचं तापमान नियम बनलं. त्यांना काही बांधावं लागलं नाही. थंडी जमिनीतूनच मिळाली.

आता हेच गणित नाशिकला लावा. नाशिकची वर्षाची सरासरी २४-२५ च्या घरात. मुंबईची २७ च्या आसपास. तुम्ही कितीही खणा, पाताळापर्यंत जा, सरासरीच मिळणार. उलट फार खोल गेलात तर पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापमान वाढायलाच लागेल. आपल्याकडे जमीन गार नसते, फक्त स्थिर असते. हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. विहिरीचं पाणी मे महिन्यात गार लागतं आणि डिसेंबरच्या पहाटे त्यातून वाफा निघतात. पाणी दोन्ही वेळेला तेच. बदलते ती आपली कातडी.

आपल्याकडे जमिनीत साठवायची परंपराही होती, पण ती थंडीसाठी नव्हती. पेव घ्या. वर अरुंद तोंड, खाली पोट, आत धान्य आणि तोंड लिंपून बंद. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्ध होती, २००५ च्या महापुरात त्यांची वाताहत झाली. पेवाची युक्ती तापमानाची नाही, हवाबंद कोरडेपणाची आहे. आत हवा नाही म्हणून किडा जगत नाही. हळदीला २५ अंश चालतात. वाइनला चालतात का? चालतात, पण ती भराभर म्हातारी होते. दहा वर्षांत जे व्हायचं ते दोन-तीन वर्षांत उरकतं, आणि ३० च्या पुढे तर वास शिजवलेल्या फळासारखा यायला लागतो.

मग आपल्या हवेत थंड पेय हवं असणाऱ्यांनी पूर्वी केलं काय?

सगळ्यात मजेदार नोंद 'आईन-ए-अकबरी'मध्ये आहे. अकबराच्या आबदारखान्यात, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या विभागात, सोरा वापरून पाणी गार करत. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला पोटॅशियम नायट्रेट. अबुल फजलने प्रमाणासकट कृती दिलीय: धातूच्या सुरईत एक शेर पाणी घालून तोंड बंद करा, दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाका आणि त्यात ती सुरई पाव तास हलवा. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो. कॉलेजमध्ये एंडोथर्मिक प्रक्रिया म्हणून आपण हेच शिकलो, फक्त तेव्हा कोणी सांगितलं नाही की यावर बादशहाचं पाणी गार व्हायचं. दरबार पंजाबात गेल्यावर डोंगरातून बर्फही यायला लागला, तीही नोंद तिथेच आहे.

हा आबदार पुढे इंग्रजांच्या घरात शिरला. कंपनीच्या साहेबांकडे जेवणाच्या वेळी वाइन आणि पाणी गार करणं एवढंच काम असलेला नोकर, त्यालाही आबदारच म्हणत. हातात सोरा, ओलं फडकं, आणि दारावर वाळ्याचे पडदे. पण लक्षात घ्या, हे सगळं पिण्याआधीच्या अर्ध्या तासापुरतं. साठवणुकीचा प्रश्न तसाच होता. बाटली बोटीतून सहा-सहा महिने येणार, विषुववृत्त दोनदा ओलांडणार आणि मग मुंबईच्या गोदामात पडणार.

यावर जे उत्तर निघालं ते मला सगळ्या इतिहासातलं सर्वात हुशार वाटतं. त्यांनी खोली बदलली नाही, वाइन बदलली. पोर्तुगालच्या ताब्यातल्या मडेरा बेटाची वाइन. (नावाचा आपल्या मदिरेशी संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ लाकूड.) या वाइनमध्ये ब्रँडीसारखा स्पिरिट घालत, म्हणून ती टिकायची. आणि व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की जी पिंपं उष्ण प्रदेशात जाऊन, न विकता परत येतात, त्यांची चव जास्त चांगली लागते! बोटीच्या पोटातल्या उकाड्याने वाइन बिघडायच्या ऐवजी सुधारत होती. मग काही पिंपं मुद्दाम फिरवून आणायला लागले, अशा फिरून आलेल्या वाइनला वेगळं नाव आणि वेगळा भाव मिळायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी तर मडेरावर वाइन तापवायच्या खोल्या बांधल्या गेल्या. विचार करा, उलटं तळघर! सगळं जग वाइन गार ठेवायला धडपडतंय आणि हे लोक तिला महिनोन्महिने गरम खोलीत ठेवतायत. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या टेबलावर मडेरा इतकी का असायची त्याचं कारण शौकाइतकंच हवामान होतं.

पण फ्रान्सची हलकी लाल वाइन पिणाऱ्यांना हे समाधान नव्हतं. त्यांच्यासाठी गोष्ट बदलली १८३३ मध्ये, आणि तीही अमेरिकेतून.

बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी तळ्यांवर गोठलेला बर्फ कापून विकायचा. १८०६ पासून त्याचा हा खटाटोप चालू होता, लोक हसायचे. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज साधारण १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिने प्रवास, दोनदा विषुववृत्त. सप्टेंबरात पोचलं तेव्हा शंभर टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. अर्ध्याहून जास्त! मशीन नाही, वीज नाही. फक्त लाकडाचा भुसा आणि घट्ट रचलेल्या लाद्या.

पुढच्याच वर्षी मुंबईलाही बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि नंतर 'मुंबई समाचार'ने छापलं की यजमान आणि पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली. हा किस्सा मुंबईचा इतिहास सांगणारे आवडीने सांगतात, मीही सांगितला. पण मला त्याहून भारी वाटतं ते बर्फ ठेवायचं घर. मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिन्हीकडे बर्फघरं झाली. मद्रासचं, १८४२ च्या सुमाराचं, अजून समुद्रकिनाऱ्यावर उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आज त्याचं नाव विवेकानंदर इल्लम आहे. गोल, जाडजूड इमारत. चेन्नईला गेलात तर बघा आणि मनात म्हणा, हे एकेकाळी फ्रिज होतं.

बर्फघराचं तत्त्व काय होतं? ट्यूडरच्या पद्धतीत भिंत दुहेरी, मधल्या पोकळीत भुसा. वितळलेलं पाणी लगेच बाहेर जाईल अशी मोरी, कारण भुसा ओला झाला की त्याचा उपयोग संपला. दार लहान, उघडणं कमी. म्हणजे थंडी बाहेरून आणायची आणि भिंतीने सांभाळायची. जमीन किती खोल याला काही अर्थ नाही. उष्ण देशातलं तळघर असं खणायचं नसतंच, ते बांधायचं असतं, आणि जमिनीवर बांधलं तरी चालतं. मी दादाला सल्ला देताना पॅरिसची नक्कल सांगितली, द्यायला हवं होतं बर्फघराचं उदाहरण.

१८७० च्या दशकात मद्रास आणि कलकत्त्याला बर्फाचे कारखाने निघाले आणि ट्यूडरच्या बर्फाचा धंदा बसला. मशीन आलं. मशीनच्या इतिहासातली एकच गोष्ट इथे सांगतो, कारण तिचा दादाच्या बुरशीशी संबंध आहे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनीअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढायची यंत्रणा तयार केली. ज्याला आपण एसी म्हणतो त्याची सुरुवात माणसांसाठी झालीच नाही, कागदासाठी झाली. म्हणजे ज्या कामासाठी एसी जन्मला तेच काम, कागदी लेबलं कोरडी ठेवणं, दादाच्या तळघरात फसलं होतं.

का फसलं ते आता सांगतो. २५ अंश बघून दादाने ठेकेदाराला बोलावलं. त्याने भिंतीला थर्मोकोल लावला, त्याच्यावर खोलीच्या बाजूने प्लास्टिकचा कागद, आणि वर एक साधा स्प्लिट एसी. प्लास्टिक आतून लावायचं हे त्याने कुठल्याशा थंड देशातल्या व्हिडिओत पाहिलं होतं. तिकडे ते बरोबरच आहे. तिकडे हिवाळ्यात घर आतून उबदार आणि दमट, बाहेर कोरडी थंडी, त्यामुळे बाष्प आतून बाहेर जायला बघतं. आपल्या थंड खोलीत सगळं उलट. जुलैत नाशिकची हवा २५ अंश आणि ओलीचिंब, तिचा दवबिंदू २१-२२ च्या आसपास. त्याहून थंड काहीही तिला भेटलं की पाणी सुटणार, थंड ताकाच्या पेल्याला सुटतं तसं. बाष्प दगडी भिंतीतून थर्मोकोलमध्ये शिरलं, आतल्या थंड प्लास्टिकपाशी येऊन अडलं आणि तिथेच पाणी झालं. वर्षभर बाहेर पडायला वाट नाही. भुसा ओला झाला की संपला, हे १८३३ मध्ये माहीत होतं.

आणि साधा एसी? तो १६ च्या खाली सेटच होत नाही. जबरदस्तीने उतरवला तर नळ्यांवर बर्फ धरतो. शिवाय बाहेर पाऊस असो नसो, तो खोली कोरडी करत राहतो, आणि कॉर्क सुकला की आकसतो, हवा आत जाते. भिंतीच्या आत चिखल आणि खोलीत वाळवंट, असा दुहेरी कार्यक्रम चालला होता.

सोडवलं कोणी? वाइनवाल्या कुणी नाही. पिंपळगाव बसवंतकडचे एक काका, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची कामं करणारे. आता हे बघा, नाशिकला सुलाच्या वाइनच्या आधीपासून ही विद्या होती. १९९१ मध्ये महाग्रेप्स स्थापन झालं, द्राक्षं युरोपला जायला लागली, आणि त्यासाठी गावोगावी प्रीकूलिंग आणि शीतगृहं झाली. मे महिन्याच्या तोंडावर शेतात शून्य-एक अंशाची खोली उभी करणारे लोक इथे आहेत. पुढे २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली, त्याच्याआधी ऐंशीच्या दशकात नारायणगावला इंडेज सुरू झालं होतं. या वायनरींनीही हवामानाशी दोन हात केले ते असेच: टाक्या स्टीलच्या आणि बाहेरून थंड द्रव फिरवलेल्या, आणि तोडणी फ्रान्ससारखी सप्टेंबरात न करता जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे थंडी वापरून. त्यासाठी वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलची आणि ऑक्टोबरची. आत्या बागेकडे बघत सहज म्हणाली होती, "वेलीला फसवून ठेवायचं असतं रे." मडेरावाल्यांनी वाइन बदलली, आमच्याकडे वेलीचं कॅलेंडर बदललं.

तर काका आले, भिंतीवर टकटक केली, म्हणाले, "दादा, हे सगळं काढावं लागंल. ही खोली कोल्ड स्टोरेज समजा, दिवाणखाना समजू नका." मी शेजारी उभा होतो. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं झालं.

त्यांनी केलं ते असं. दगडी भिंतीला आधी, म्हणजे गरम बाजूला, सलग बाष्परोधक थर. एकही फट नाही, छत आणि फरशीसुद्धा सोडली नाही. त्याच्या आत १०० मिलिमीटरचे पफ पॅनेल, द्राक्षाच्या गोदामाला लागतात तेच. काचेचं दार काढून जाड इन्सुलेशनचं आणि चारी बाजूंनी रबरी पट्टीचं दार. वहिनीला काचेचं दार आवडत होतं, तिथे थोडी धुसफूस झाली. थंड करायला कमी तापमानासाठीचं छोटं युनिट, त्याची गरम हवा घराबाहेर. आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांच्या मध्ये.

मी इथे गणित करून पाहिलं, एवढं तरी प्रायश्चित्त हवं. आठ बाय दहाची, नऊ फूट उंच खोली. सगळे पृष्ठभाग मिळून ४५ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पफमधून, बाहेर २५ आणि आत १३ धरले तर, आत शिरणारी उष्णता सव्वाशे वॅटच्या आसपास. दोन जुन्या बल्बांइतकी! बिनइन्सुलेशनची भिंत असती तर साधारण दहापट. आणि लोडशेडिंग? तीनशे बाटल्यांतली वाइन आणि काच मिळून इतकी उष्णता सामावते की दीडशे वॅटची गळती धरली तरी एक अंश चढायला जवळजवळ दोन तास लागतात. चार तास वीज गेली तर दोन अंश. दादाने इन्व्हर्टर घ्यायचं रद्द केलं. 'टस्कनी'च्या पोटात बर्फाचा ढीग जे करत होता ते इथे बाटल्याच करतात: जितका साठा मोठा तितका तो हट्टी.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर बहुतेकांना यातलं काहीच लागत नाही. नाशिकच्या बऱ्याच वाइन स्क्रूच्या झाकणाच्या असतात आणि वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. त्यांना फ्रिजच्या वर, गॅसशेजारी किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, एवढं पुरे. खोली हवी ती दहा-पंधरा वर्षं ठेवणाऱ्याला. आणि एक आठवण: १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. घरी ठेवायला परवाना लागतो आणि साठ्याला मर्यादा असते. भिंतीचा खर्च करण्याआधी उत्पादन शुल्क खात्यात विचारून घ्या. दादाने ते नंतर केलं, आमच्या घराण्यात हीच पद्धत दिसते.

गेल्या मे महिन्यात बाहेर चाळीस होते तेव्हा खोलीचा फोटो आला: १३.२. मुलीच्या जन्मसालच्या पेटीतली एक बाटली आम्ही चाखून बघायला उघडली. दोन उन्हाळे २५ अंशांत काढलेली. वास थोडा मनुक्यांकडे झुकला होता. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अजून अकरा आहेत." भाचीला मी विचारलं, लग्न कधी करणार, तर ती म्हणाली, आधी दहावी होऊ दे मामा.